जुनी इंदूरच्या आजींचा अभिप्राय

कादंबरी छापून हातात आली तेव्हा अवघड काम संपलं, असं मला वाटलं होतं. सात वर्षं लिहीत होते. पीथमपूरच्या एका औषध कंपनीत मी गुणवत्ता विभागात आहे. सकाळी सव्वासातला राजेंद्र नगरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी सातला घरी. लिहायला मिळायचे ते रविवार आणि सणांच्या सुट्ट्या. दोन प्रकाशकांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने उत्तरच दिलं नाही, तेव्हा मी आणि नवऱ्याने ठरवलं की आपणच छापू. छापणं सोपं निघालं. असं एक पुस्तक आहे, हे लोकांच्या कानावर घालणं मात्र मला जमेना.

रोज सकाळी बसमध्ये बसल्याबसल्या मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकायचे. मुखपृष्ठ, चार ओळींचा उतारा, खाली ऑनलाइन विक्रीची लिंक. सांगलीच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं तर अभिनंदनाचे अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले. पुस्तक एकीनेही मागवलं नाही. गणपतीत मराठी मंडळाच्या मांडवात एक टेबल मिळालं. लोक यायचे, पुस्तक उचलून मागचं पान वाचायचे आणि अगदी सांभाळून होतं तिथे परत ठेवायचे. एक बाई तर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्हीच लिहिलं? वा जी! आमच्याकडे मराठी वाचणारं आता कोणी राहिलंच नाही, नाहीतर जरूर घेतलं असतं." आमच्या दाताच्या डॉक्टरांकडे बसायच्या खोलीत मी दोन प्रती ठेवून आले. महिन्याने दाढ दुखली म्हणून गेले, तर दोन्ही प्रती तशाच, करकरीत.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांसाठी एक ऑनलाइन शिबिर होतं, ते मी रविवारी केलं. शिकवणारा तरुण फार भराभर बोलत होता. तो म्हणाला, "ज्या पुस्तकाखाली एकही अभिप्राय नाही, त्याचं शटर पडलेलं आहे असं समजा. पहिले पाच अभिप्राय काहीही करून मिळवा. कसे मिळवता ते मला सांगू नका." सगळे हसले. मीही हसले.

मग मी लोकांना विचारत सुटले. बहीण म्हणाली, "वाचते गं, सध्या घरी पाहुणे आहेत." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "मॅम, माझी मराठी थोडी वीक आहे, हिंदीत येईल ना, तेव्हा पक्का." नवऱ्याने एक ओळ लिहायची तयारी दाखवली, पण त्याचं आणि माझं आडनाव एकच.

एका शनिवारी दुपारी नवरा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. मी जेवणाच्या टेबलाशी बसून पुस्तक विकणाऱ्या साइटवर एक नवं खातं उघडलं. इंदूरच्या मराठी लोकांत सर्रास सापडणारं एक आडनाव घेतलं, आणि आमच्या आज्यांच्या पिढीत दर चौथ्या घरात असायचं असं एक नाव. गावाच्या जागी शहरातल्या एका जुन्या वस्तीचं नाव लिहिलं, 'जुनी इंदूर'. मग लिहायला लागले, आणि जे आलं ते माझ्या नेहमीच्या मराठीत आलंच नाही. चौदा वर्षं इंदुरात राहून भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला जे कानावर पडत होतं, ते येत गेलं. मी लिहिलं ते असं:

'मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे जी. बारीक अक्षर आता दिसत नाही, भिंग घेऊन वाचते. हे गेले तेव्हापासून घरात बोलायला कोणी नाही. सुबह चहा अजून दोन कप करते, आदत आहे. मग एक मोरीत ओतते. हे पुस्तक चार दिवसांत वाचलं. चौथ्या दिवशी दुसरा कप पण मीच प्याले. बस, इतकंच सांगायचं होतं.'

वाचून माझेच डोळे भरले. बटण दाबलं, उठून चहा केला आणि नवऱ्याला उठवलं. त्याला काही सांगितलं नाही.

आठवडाभर काहीच झालं नाही. मग कोणीतरी त्या अभिप्रायाचा फोटो काढून 'आपल्या इंदूरच्या आजी' असं लिहून एका मराठी ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत तो मला तीन बाजूंनी आला. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला, देवासच्या एका ओळखीच्या बाईंकडून आला, आणि माझ्या बहिणीने सांगलीहून पाठवला, 'बघ, किती छान लिहिलंय तुझ्याबद्दल'. ज्यांनी चार महिने माझं एकही स्टेटस उघडलं नव्हतं, ते पुस्तक कुठे मिळेल म्हणून विचारायला लागले. त्या आठवड्यात जेवढ्या प्रती गेल्या, तेवढ्या आधीच्या चार महिन्यांत गेल्या नव्हत्या. मला आनंद झाला, हे खोटं का सांगू? बसमध्ये मी तो अभिप्राय पुन्हा पुन्हा उघडून वाचायचे, आणि वाचताना त्या आजी कुठेतरी आहेत असंच मला वाटायचं.

मग ताईंचा फोन आला.

ताई म्हणजे इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. स्नेहलतागंजमध्ये एका हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्या वाचन मंडळ चालवतात. इंदुरात मराठी पुस्तक काढलं आणि ताईंनी मंडळात घेतलं नाही, तर ते निघालंच नाही असं समजायचं. मी त्यांना दोन महिन्यांपूर्वी प्रत पाठवली होती.

"मी तुमचं पुस्तक पुढच्या बैठकीला घेतेय," त्या म्हणाल्या. "आणि सुनो, त्या आजींना पण बोलवायचं. शाल-श्रीफळ देऊ. लेखिका आणि वाचक, दोघी स्टेजवर. बढिया होईल ना?"

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो मी ओट्यावर ठेवला.

"पण ताई, मी त्यांना ओळखत नाही. ऑनलाइन कोणीतरी लिहिलंय."

"अरे, मी आहे ना! जुनी इंदूर माझं माहेर आहे. तिथे मराठी घरं आता आहेत तरी किती? मी काढते शोधून."

त्याच वेळी सांगता आलं असतं. 'ताई, ते मीच लिहिलंय.' चार शब्द. त्या रागावल्या असत्या, बैठक रद्द झाली असती, विषय संपला असता. मी म्हटलं, "बरं."

पुढचे दहा दिवस फोन वाजला की मी आधी नाव बघायचे, मग उचलायचे. ताईंचा रोज काही ना काही निरोप. आज अमक्या काकूंना विचारलं. आज देवळाच्या पुजाऱ्यांना विचारलं. अभिप्राय काढून टाकावा असं शंभरदा मनात आलं, पण ताई शोधत असताना तो अचानक गायब झाला तर संशय माझ्यावरच येणार होता. आमच्या लॅबमध्ये न केलेली टेस्ट केली म्हणून लिहिणं याच्याइतका मोठा गुन्हा नाही. नव्याने लागलेल्यांना हे पहिल्या दिवशी मीच सांगते. त्या आठवड्यात तीन जण नवे लागले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि ते वाक्य हातातल्या फाइलकडे बघत म्हटलं.

शेवटी मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"नसलेली बाई त्यांना सापडणार कशी?" तो म्हणाला. "शोधू दे त्यांना. कंटाळतील. तू फक्त गप्प बस."

रविवारी सकाळी ताईंचा फोन आला. "सापडल्या! तयार राहा, मी गाडी घेऊन येतेय."

गाडीत ताई अखंड बोलत होत्या. तेच आडनाव. वय ऐंशीच्या आसपास. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. बेंगळुरूच्या नातवाने आजीला फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलंय. "नाव थोडं वेगळं आहे," ताई म्हणाल्या, "पण ते आपण विचारू." मी खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या कोणाच्या तरी आजी असतील, त्या नाही म्हणतील आणि आपण परत येऊ, असं मी मनात घोकत होते.

एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांचं घर होतं. जिना अरुंद, दोरी धरून चढायचा. दार सुनेने उघडलं, पन्नाशीची, हाताला कणीक लागलेली. ताई तिला वहिनी म्हणाल्या, म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागले. आत खिडकीपाशी आजी मटार सोलत बसल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. दाणे हाताने चाचपून त्या भांड्यात टाकत होत्या.

"काकू, तुम्ही तर कमाल केली," ताई म्हणाल्या. "पूर्ण इंदुरात तुमचं नाव झालंय."

"माझं? मी काय केलं भई?"

ताईंनी फोन काढला आणि अभिप्राय मोठ्याने वाचला. शाळेत धडा वाचावा तसा, स्पष्ट, थांबत थांबत. वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. 'घरात बोलायला कोणी नाही' हे वाक्य आलं तशा त्या दारातच थांबल्या.

आजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "परत वाच."

ताईंनी परत वाचलं.

"हे मी म्हटलं?"

"तुम्हीच ना काकू! आडनाव तुमचं, मोहल्ला तुमचा. बस, नाव दुसरं आहे. माहेरचं नाव काय तुमचं?"

आजींनी नाव सांगितलं. तेच होतं, जे मी शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून निवडलं होतं.

ताईंनी टाळी वाजवली. आजी मात्र वहिनींकडे बघत होत्या. "फोनमध्ये मी बोलत असते नातवाशी," त्या हळूहळू म्हणाल्या. "त्यात गेलं असेल का? पुस्तक... पुस्तक कोणतं वाचलं मी? ह्यांचा कप मी काढते अजून. काढते ना ग?"

"कधी कधी काढता, आई," वहिनी म्हणाल्या.

"मग मीच म्हटलं असेल." आजींनी पदराने डोळे पुसले. "आजकाल राहत नाही लक्षात. काय काय बोलून बसते मी."

माझ्या हातात बिस्किट होतं. कोणीतरी पुढे केलं आणि मी घेतलं होतं. आता बोल, आता बोल, असं मी स्वतःला सांगत होते, आणि तोंडात बिस्किट फिरत होतं. ताई कार्यक्रमाची वेळ सांगत होत्या, गाडी न्यायला येईल म्हणत होत्या. मी आजींना माझी कादंबरी दिली. वर सही करून दिली.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. ताई खाली उतरल्या होत्या. वहिनी माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बोलायला कोणी नाही म्हणतात. सकाळपासून रात्रीपर्यंत मीच तर बोलते जी त्यांच्याशी." एवढं म्हणून त्या आत गेल्या. गाडीची व्यवस्था सांगायला त्यांनी माझा नंबर आधीच घेतला होता.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग झालं तर. त्या स्वतःच हो म्हणाल्या." मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. त्याची चूक नव्हती, मलाही आतून तेच म्हणावंसं वाटत होतं.

गुरुवारी दुपारी मी लॅबमध्ये असताना वहिनींचा फोन आला. आधी मी उचलला नाही. पुन्हा आला.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "आईंनी ते पुस्तक तुमच्याकडूनच मागवलं होतं का? घरात तर तुम्ही दिलेली सोडून दुसरी प्रत कुठे मिळाली नाही. आईंना आता झोप नाही. सारख्या विचारतात, अजून काय काय मी केलंय जे मला याद नाही? कपाटाची चावी मला देऊन टाकली. गॅसपाशी जात नाहीत, म्हणतात, पेटवून विसरले तर? माझ्याशी पण... दिवसातून दहा वेळा सॉरी म्हणतात, की मी तुझ्याबद्दल असं कसं लिहिलं. सोमवारी डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

मी लॅबच्या बाहेर आले. "वहिनी, मी उद्या येते. डॉक्टरांकडे नेऊ नका, आधी मी येते."

"का? काय झालं?"

"आल्यावर सांगते," मी म्हटलं. फोनवर सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी जुनी इंदूरला गेले. दोरी धरून जिना चढले. आजी त्याच खिडकीपाशी होत्या. पुढ्यात काही काम नव्हतं, नुसत्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी खुर्ची घेतली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं.

"आजी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी लिहिलं. नाव मी मनाने घेतलं होतं. तुम्ही आहात हे मला माहीतही नव्हतं."

आजींना कळायला वेळ लागला. "म्हणजे मी नाही लिहिलं."

"नाही."

"एक शब्द पण नाही?"

"नाही, आजी. एकही नाही."

त्यांनी दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे मान वळवली. "ऐकलंस? माझी चावी आण."

पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही इथे बसला होतात," त्या म्हणाल्या. "या खुर्चीवर. आई रडत होत्या आणि तुम्ही बिस्किट खात होतात."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पाच दिवस! पाच दिवस आमच्या घरात जेवण गेलं नाही कोणाला. मी रडले, ह्यांच्याशी भांडले, की तुमच्या आईला मी काय कमी केलं? आणि तुम्ही आधीपासून जाणून होतात?"

"हो."

"का केलं असं?" हे आजींनी विचारलं. आवाज वर गेला नव्हता. "पुस्तक विकायला?"

"हो."

"विकलं?"

"थोडं."

आजींनी मांडीवरचा पदर सरळ केला. खालून दुकानातल्या तराजूचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी वाचलं ना, तर मला वाटलं, ह्यांच्यासाठी मी इतकं चांगलं बोलले. बरं वाटलं होतं ग. आणि बाकी सगळ्याची भीती वाटली." त्यांनीच पुढे विचारलं, "त्या ताईला सांगितलंस?"

"नाही अजून."

"तिला सांग. मग तिथे जितके लोक येतील त्यांना पण सांग. मी येणार नाही. मला शाल नको." वहिनींकडे वळून त्या पुन्हा म्हणाल्या, "चावी आण म्हटलं ना." या वेळी वहिनी गेल्या. चावी हातात आल्यावर आजींनी ती कमरेला खोचली आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी पाया पडायला वाकले, तर वहिनी मध्ये आल्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता जा."

तिथून मी सरळ ताईंकडे गेले. त्या पाहुण्यांना वाटायच्या पत्रिकांच्या घड्या घालत होत्या. माझं ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर एक पत्रिका त्यांनी उलगडली आणि पुन्हा तशीच घडी घातली.

"चाळीस वर्षं मी निबंध तपासले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं उतरवणारी मुलं पकडली. नसलेली माणसं उभी करणारं कोणी भेटलं नव्हतं. आणि मी स्वतः गेले, त्या बिचाऱ्या बाईला पटवून आले की तूच ती. माझ्या तोंडून वदवून घेतलंत तुम्ही."

"कार्यक्रम रद्द करूया, ताई."

"का? निमंत्रणं गेली आहेत. तुम्ही या आणि सांगा. मी एक अक्षर बोलणार नाही."

घरी पोचायची वाट न बघता मी ताईंच्या जिन्यावर उभी राहूनच अभिप्राय काढून टाकला, ते खातंही. मग वहिनींना निरोप पाठवला की तो काढला आहे. निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

रविवारी स्नेहलतागंजच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. मंडळासाठी ही मोठी गर्दी, आणि त्यातली अर्धी तरी त्या आजींना बघायला आलेली. स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. ताईंनी आल्याआल्या त्यातली एक उचलायला लावली, मग खाली पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. माझी ओळख करून द्यायला कोणी उठलं नाही. मी माईकपाशी गेले. कागदावर लिहून आणलं होतं, पण तो घडी करून मुठीतच धरला.

"ज्या आजींना भेटायला तुम्ही आला आहात, त्या नाहीत," मी म्हटलं. "तो अभिप्राय मी लिहिला होता. माझं पुस्तक खपावं म्हणून. त्यामुळे एका खऱ्या घराला फार त्रास झाला. त्यांची मी माफी मागितली आहे. तुमची मागते."

एक बाई "हाय राम" म्हणाल्या. मागे कुजबुज सुरू झाली. एक जोडपं उठलं, चपला शोधून निघून गेलं. त्यांच्यामागे आणखी चार-पाच. कोणीतरी ऐकू जाईल असं म्हणालं, "मग पुस्तक तरी हिनेच लिहिलंय कशावरून?" मी उभीच होते. खाली उतरावं की थांबावं हे मला कळत नव्हतं, आणि ताई समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, काही न बोलता, जसं त्यांनी सांगितलं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक काका उभे राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळाचे जुने सभासद. त्यांच्या हातात माझी कादंबरी होती आणि तिच्यातून कागदाचे कपटे डोकावत होते.

"ते झालं जे झालं," ते म्हणाले. "गलत केलं तुम्ही, फार गलत. पण मी तर पुस्तक वाचून आलोय भिया, माझं काय?"

दोघे-तिघे हसले. ताई हसल्या नाहीत, पण त्यांनी हाताने काकांना पुढे बोलायची खूण केली.

काकांनी पहिला कपटा काढला. "पान चाळीस. तुमची नायिका स्टेशनवर उतरते, हातात पेटी, आणि दहा मिनिटांत पायी राजवाड्याला पोचते. कशी? मी तीस वर्षं त्या स्टेशनवर होतो. मोकळ्या हाताने गेलो तरी वीस-पंचवीस मिनिटं लागतात." मग दुसरा कपटा. "आणि हे इंदूरचे लोक इंदूरसारखे का नाही बोलत? सगळे एकदम शुद्ध. आमच्या घरात असं कोणी बोललं तर आम्ही विचारू, तबियत ठीक आहे ना? ती तुमची खोटी आजी बोलते तसे बोलतो आम्ही."

मी म्हटलं, "लाज वाटली मला तसं लिहायची. पुण्याकडचे हसतील असं वाटलं."

"मग आमच्यावर लिहिलं कशाला?" एक बाई मागून म्हणाल्या. त्यांनीही वाचलं होतं. त्यांना शेवट पटला नव्हता. तिसऱ्या एकाने त्या बाईंनाच खोडून काढलं. तासभर हे चाललं. राहिलेले पंधरा-सोळा जण आपसात भांडत होते, मधूनच मला प्रश्न विचारत होते, आणि मी उत्तरं देत होते.  पाय दुखायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी अजून उभीच आहे.

शेवटी ताईंनी घड्याळ बघितलं आणि चहा आला असं जाहीर केलं. एवढंच त्या संध्याकाळी त्या बोलल्या. शाल त्यांनी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. मी निरोप घ्यायला गेले तर दुसऱ्या कोणाशी बोलत राहिल्या.

आता साइटवर पुस्तकाखाली एकही अभिप्राय नाही, आणि प्रती पुन्हा पहिल्यासारख्या, महिन्याला एखादी, जातात. त्या अभिप्रायाचा फोटो मात्र अजून फिरतो. कुठल्याही ग्रुपवर आला की मी खाली लिहिते, 'हे मी लिहिलं होतं, या आजी नाहीत.' काही जण शिव्या देतात, काहींना ती माझ्या प्रसिद्धीची नवी युक्ती वाटते. वहिनींना मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. डॉक्टरांची वेळ त्यांनी रद्द केली, हे मला ताईंकडून कळलं, कारण तीन महिन्यांनी ताईंचा फोन आला.

"दुसऱ्या रविवारी बैठक आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं पुस्तक आहे, तुमचं नाही. वाचून या. बोलायचं नाही, ऐकायचं."

मी पुस्तक मागवलं, दोनदा वाचलं, आणि गेले. मागच्या रांगेत जागा होती.